पिवळ्या कार्डाला भाव कोणी लावला?

३१ जुलै २०२५ ला लुकास पाकेटा आरोपांतून सुटला आणि त्याच संध्याकाळी आमच्या फुटबॉलवेड्या मित्रांमध्ये दोन तट पडले. तेव्हा वेस्ट हॅम या इंग्लिश क्लबकडून खेळणाऱ्या या ब्राझिलियन मिडफिल्डरवर इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आरोप ठेवला होता की, नोव्हेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळातल्या चार सामन्यांत त्याने मुद्दाम पिवळं कार्ड ओढवून घेतलं. कशासाठी, तर त्या कार्डांवर पैजा लावलेल्या लोकांचा फायदा व्हावा म्हणून. सुनावणी घेणाऱ्या स्वतंत्र आयोगाने हे चारही आरोप सिद्ध झाले नाहीत असं सांगितलं. चौकशीत सहकार्य न केल्याचे दोन आरोप तेवढे उरले. एक तट म्हणाला, दोन वर्षं एका माणसाच्या डोक्यावर तलवार टांगून ठेवली, मँचेस्टर सिटीकडे जायची त्याची संधी गेली, आणि शेवटी हाती काय लागलं? दुसरा तट म्हणाला, अशा प्रकरणांत पुरावा मिळतच नाही, म्हणून संशय आला की आजन्म बंदीच घालायला हवी.

मला दोन्ही पटलं नाही. आयोगाचा निकाल मी मानतो. सिद्ध न झालेल्या आरोपावर कुजबूज चालू ठेवणं हा त्या माणसावर अन्याय आहे. पण दोन्ही तट बघत होते एकाच ठिकाणी, खेळाडूच्या तोंडाकडे. त्याने केलं की नाही, त्याच्या मनात काय होतं, एवढाच प्रश्न. त्या चारही सामन्यांत त्याच्या छातीवर बेटवे या बेटिंग कंपनीचं नाव होतं, तिकडे कुणी बोट दाखवलं नाही. कार्डावर पैज घेणंच बंद व्हायला हवं, असं माझं म्हणणं आहे. सगळं बेटिंग बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या देशांत ते कायदेशीर आहे तिथे निकालावर आणि गोलांवर पैजा असाव्यात की नसाव्यात हा वेगळा वाद, तो वेगळा घालू. कार्डावरची पैज मात्र अशी आहे की ती दुकानात मांडली रे मांडली, की प्रामाणिक खेळाडू संशयाखाली येतो आणि लबाडाला धरणं जवळजवळ अशक्य होतं. एकाच वस्तूमुळे ही दोन्ही नुकसानं होत असतील, तर ती वस्तू विकणाऱ्याला प्रश्न विचारायचा सोडून आपण विकत गेलेल्याच्या मनाची झडती का घेत बसतो?

कार्डं मुळात आली कशासाठी, ते आठवून बघा. २३ जुलै १९६६, वेम्बली, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. रेफरी जर्मन. अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तिन याला त्याने बाहेर काढलं, पण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि तो मैदान सोडायलाच तयार होईना. त्याच सामन्यात चार्लटन बंधूंना ताकीद मिळाली होती, हे त्यांना स्वतःला वर्तमानपत्रातून कळलं. रेफरींचं काम बघणारे केन ॲस्टन त्यानंतर गाडीने घरी जात होते. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरच्या सिग्नलला थांबले असताना त्यांना सुचलं की, पिवळा म्हणजे सांभाळ आणि लाल म्हणजे थांब, हे कुठल्याही भाषेतल्या माणसाला कळतं. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. कुणाला, कोणत्या मिनिटाला, कोणता रंग, हे शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही स्पष्ट दिसावं, यासाठी ती आली. पण जी गोष्ट स्पष्ट दिसते, ताबडतोब नोंदली जाते आणि जिच्यावर नंतर वाद उरत नाही, तीच पैजेलाही सर्वांत सोयीची असते. आज इंग्लंडच्या बेटिंग बाजारात ‘बुकिंग पॉइंट’ नावाचं मोजमाप रुळलेलं आहे, पिवळ्याला १० आणि लालला २५. ॲस्टन यांनी शिस्तीसाठी बनवलेल्या खुणेला असा गुणांचा तक्ता जोडला गेला आहे.

आता या बाजाराच्या मुळाशी असलेली अडचण. फुटबॉलमध्ये मुद्दाम घेतलेलं कार्ड ही नेहमीची गोष्ट आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत मोठ्या झालेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. समोरचा विंगर सुटला, मागे गोलकीपरशिवाय कुणी नाही, की बचावपटू त्याचा शर्ट धरतो आणि कार्ड घेतो; पायऱ्यांवरचे लोक त्याला दोष देत नाहीत, ‘बरं केलंस’ म्हणतात. २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात इटलीच्या किएलिनीने इंग्लंडच्या साकाची कॉलर मागून ओढली, पिवळं कार्ड घेतलं, आणि इटलीत त्याचं कौतुक झालं. २०१० मध्ये सुआरेझने घानाविरुद्ध गोलरेषेवर हाताने चेंडू अडवून लाल कार्ड घेतलं आणि उरुग्वे उपांत्य फेरीत गेलं. ऑक्टोबर २००४ मध्ये वेल्सविरुद्ध खेळताना बेकहॅमच्या बरगडीला मार बसला. पुढचा सामना आपण तसेही खेळू शकणार नाही हे ओळखून त्याने मुद्दाम फाऊल करून कार्ड घेतलं, म्हणजे कार्डं साठल्यामुळे होणारा निलंबनाचा सामना दुखापतीतच उरकेल. हे त्याने स्वतःच सांगितलं आणि नंतर माफी मागितली. २०१९ मध्ये रिअल माद्रिदच्या रामोसने आयॅक्सविरुद्ध शेवटच्या मिनिटांत असंच कार्ड घेतलं, बोलण्याच्या भरात कबूल केलं, आणि युएफा या युरोपच्या फुटबॉल महासंघाने त्याला एकाऐवजी दोन सामने बाहेर बसवलं. या चार माणसांपैकी एकाच्याही कार्डामागे पैज नव्हती.

तेव्हा सांगा, बाहेरून बघणाऱ्याने ओळखायचं कसं? संघासाठी घेतलेलं कार्ड, रागाच्या भरात मिळालेलं कार्ड, थकल्यामुळे उशिरा पोचलेल्या पायाचं कार्ड आणि पैशासाठी घेतलेलं कार्ड, चारही चित्रफितीत सारखीच दिसतात. सामना हरण्यासाठी खेळणारा संघ कुठेतरी उघडा पडतो, कारण दीड तास खोटं खेळणं कठीण आहे. पाच सेकंद खोटं खेळणं कठीण नाही. म्हणून चौकशी करणारे खेळ सोडून फोन, बँक खाती आणि नातेवाईकांच्या मागे लागतात, आकडेतज्ज्ञ बोलावून या खेळाडूला कार्ड मिळण्याची शक्यता नेहमी किती आणि त्या दिवशी किती याचं गणित मांडतात. गणिताने शक्यता सांगता येते. हेतू सांगता येत नाही. असे आरोप टिकत नाहीत ते आयोग मऊ असतो म्हणून नव्हे, ती कृतीच अशी आहे म्हणून.

आणि ही कृती किती स्वस्तात मिळते! लिंकन सिटीचा बचावपटू ब्रॅडली वूड याची गोष्ट मला कधी विसरता येत नाही. २०१६-१७ च्या मोसमात लिंकन पाचव्या स्तरावर, नॅशनल लीगमध्ये खेळत होतं. एफए कप या सगळ्या स्तरांतल्या संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत त्यांनी इप्सविचला हरवलं, पुढे फेब्रुवारीत प्रीमियर लीगमधल्या बर्नलीला त्यांच्याच मैदानावर १-० ने हरवलं, आणि १०३ वर्षांत पहिल्यांदाच वरच्या चार स्तरांबाहेरचा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला. त्या गावासाठी हा पिढ्यान्‌पिढ्या सांगायचा दिवस होता. वूड या दोन्ही सामन्यांत खेळला, आणि दोन्ही सामन्यांत त्याने मुद्दाम पिवळं कार्ड घेतल्याचं २०१८ मध्ये सिद्ध ठरलं. त्याच्या ओळखीच्यांनी लावलेल्या पैजांची मिळकत होती सुमारे १०,००० पौंड. त्याला ६ वर्षांची बंदी झाली. लिंकन दोन्ही सामने जिंकलं, हे इथे सर्वांत महत्त्वाचं. त्याने आपल्या संघाला दगा दिला असं त्याला वाटलंच नसेल. कार्डाची पैज मोहात पाडते ती इथेच, कारण तिथे हरावं लागत नाही.

याचा जुना धागा साउथॅम्प्टनच्या मॅट ल टिसिएपर्यंत जातो. एप्रिल १९९५ मध्ये विम्बल्डनविरुद्धच्या सामन्यात पहिला थ्रो-इन किती सेकंदांत होईल यावर पैज लावून त्याने सुरुवातीलाच चेंडू बाहेर मारायचा बेत केला होता. चेंडू पुरेसा जोरात गेला नाही, बेत न कळलेल्या सहकाऱ्याने तो आतच ठेवला, आणि मग हा चेंडू बाहेर घालवायला धावत सुटला. हे त्याने २००९ मध्ये स्वतःच लिहिलं. सामना हरायचा विचार त्याने कधी केला नसता, आणि मला ते खरं वाटतं. पण सामना विकण्याची कल्पनाही सहन न होणारा माणूस थ्रो-इन विकायला तयार झाला, याचा अर्थ काय? माणसाचा विवेक निकालाच्या दाराशी पहारा देत उभा होता, आणि बाजाराने बाजूची खिडकी उघडून दिली.

आपल्याकडच्या वाचकाला हे क्रिकेटमधून जास्त चटकन कळेल. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या आमिर आणि आसिफ यांनी ठरलेल्या वेळी ३ नो-बॉल टाकले. वर्तमानपत्राच्या वेशांतर केलेल्या बातमीदाराने दलाल मजहर मजीदला त्यासाठी १,५०,००० पौंड दिले होते. नंतर हे तिघे आणि कर्णधार सलमान बट असे चौघेही तुरुंगात गेले. तेव्हा अनेकांनी विचारलं, एका नो-बॉलने सामन्याचं काय बिघडतं? सट्टाबाजार जवळून पाहिलेल्यांनी तर हेही सांगितलं की ठरावीक नो-बॉलवर कुणी बुकी मोठी रक्कम घेतच नाही. मग ते तीन चेंडू होते कशासाठी? ती खूण होती. हा खेळाडू माझ्या मुठीत आहे, सांगितलेल्या क्षणी सांगितलेलं करतो, हे गिऱ्हाइकाला दाखवण्याची. आमिर तेव्हा १८ वर्षांचा होता. छोट्या गोष्टीने सुरुवात होते ती यासाठीच: एकदा पैसे घेतले की ‘नाही’ म्हणायचा अधिकार संपतो, पुढची मागणी मोठी येते, आणि पहिल्या व्यवहाराचा पुरावा समोरच्याच्या फोनमध्ये असतो. पिवळं कार्ड हे फुटबॉलमधलं तसलंच पहिलं पाऊल आहे.

ब्राझीलमध्ये हे अगदी पायरीपायरीने दिसलं. २०२२ च्या अखेरीस विला नोवा क्लबच्या अध्यक्षांना आपल्याच संघात काही शिजतंय असा वास आला, त्यांनी स्वतः माहिती गोळा करून गोयास राज्याच्या सरकारी वकिलांकडे दिली. सुरुवात दुसऱ्या श्रेणीतल्या पेनल्टींपासून झाली. धागा ओढत गेल्यावर पहिल्या श्रेणीतली कार्डं बाहेर आली. सांतोसच्या एदुआर्दो बाउएरमानचा प्रकार वाचून मन विषण्ण होतं. त्याने आवाईविरुद्ध पिवळं कार्ड घेण्यासाठी ५०,००० रियाल घेतले आणि त्या सामन्यात कार्ड मिळालंच नाही. टोळीने नुकसान मागितलं. मग भरपाई म्हणून पुढे बोताफोगोविरुद्ध लाल कार्ड घ्यायचं ठरलं. ते मिळालं, पण शेवटची शिट्टी वाजून गेल्यावर, म्हणजे पैजेच्या हिशेबात धरलं न जाणारं. पैसे घेतलेला माणूस, डोक्यावर कर्ज आणि मागे धमक्या. पुढे त्याला ३६० दिवसांची बंदी झाली. आता या माणसाला फक्त ‘लोभी’ म्हणून मोकळं होता येईल का? लोभी तो होताच. पण पिवळ्या कार्डाला भावच नसता, तर टोळीला त्याच्याकडे घेऊन जायला काही होतं का?

आता उलट बाजूने जे सांगितलं जातं त्यातलं सर्वांत वजनदार म्हणणं: बंदी घातली की धंदा काळ्या बाजारात जातो. कायदेशीर कंपन्या निदान नोंद ठेवतात, अचानक एका कार्डावर नवी खाती धावून आली की घंटा वाजते. काळ्या बाजारात ही घंटाच नाही. हे खरं आहे आणि महाराष्ट्रातल्या माणसाने तर ते नाकारूच नये. न्यूयॉर्कच्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी स्वतःचे आकडे काढून मटका उभा केला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात पाऊस पडेल की नाही यावरच्या आणि मालाच्या भावातल्या आकड्यांवरच्या पैजांचा नावानिशी उल्लेख आहे, इतकं या शहराने कशावरही पैज लावलेली आहे. कायद्याने मटका संपला नाही. क्रिकेट मंडळाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये आणि विधी आयोगाने २०१८ मध्ये सट्टा पूर्ण दाबण्यापेक्षा नियंत्रणात आणायचा विचार मांडला तो याच अनुभवातून, आणि ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन खेळांवरच्या कायद्याने सट्टा नाहीसा होईल असं कुणीही छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

पण हा युक्तिवाद सगळं बेटिंग बंद करण्याविरुद्ध आहे, आणि मी ते मागतच नाही. कार्डावरची पैज हा मोठ्या दुकानातला एक कप्पा आहे. काळ्या बाजारातला बुकी मोठी रक्कम तिथेच घेतो जिथे आपला बोजा त्याला दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येतो, म्हणजे निकाल आणि गोल. पाचव्या स्तरावरच्या सामन्यातल्या उजव्या बचावपटूच्या पिवळ्या कार्डावर, ज्याच्याबद्दल फक्त त्या बचावपटूच्या मित्रांनाच माहिती असू शकते, अनोळखी माणसाकडून पैसे कोणता शहाणा बुकी घेईल? वूडच्या ओळखीच्यांना कुठल्या अड्ड्यावर जावं लागलं नाही. त्या कार्डाला भाव देणारी दुकानं राजरोस उघडी होती. परदेशी वाट उरते, हेही मान्य. ऑस्ट्रेलियात मे २०२४ मध्ये मकार्थर क्लबच्या तीन खेळाडूंना अटक झाली, पिवळ्या कार्डामागे १०,००० डॉलरपर्यंत रक्कम दिल्याचा पोलिसांचा आरोप होता, आणि सूत्रं कोलंबियातून हलत असल्याचं सांगितलं गेलं. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? इथे बंद केलं तर तिथे चालेल म्हणून इथेही चालू ठेवायचं, की जे देश हा माल विकतात त्या सगळ्यांनाच तो काढून टाकायला सांगायचं? आणि घंटेचं म्हणाल तर, दाराची कडी काढून ठेवायची आणि चोर सापडले की कडी काढल्यामुळेच सापडले म्हणायचं, याला संरक्षण म्हणत नाहीत.

दुसरं म्हणणं, कडक शिक्षा करा, दहशत बसेल. याचं उत्तर इंग्लंडच्याच इतिहासात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे, मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला २-० ने हरवलं. नेमक्या २-० वर बुकींकडे मोठा भाव होता आणि पैसेही मोठे लागले होते. सात खेळाडूंना आजन्म बंदी झाली. त्यातला सँडी टर्नबुल १९१७ मध्ये फ्रान्सच्या रणांगणावर मेला. आपण निर्दोष असल्याचं सांगत राहिलेल्या ईनॉक वेस्टची बंदी उठायला १९४५ उजाडलं. याहून कडक शिक्षा कोणती? तरी १ डिसेंबर १९६२ आलाच. शेफील्ड वेन्सडेचे स्वॉन, के आणि लेन यांनी इप्सविचविरुद्ध आपलाच संघ हरेल यावर पैसे लावले. १९६४ मध्ये वर्तमानपत्राने ते उघड केलं, १९६५ मध्ये ते तुरुंगात गेले, पुन्हा आजन्म बंदी.

पण त्या प्रकरणातला एक तपशील बघा. तेव्हाच्या पैजेत सहसा एकट्या सामन्यावर पैसे घेत नसत, किमान तीन सामने जोडावे लागत. म्हणून सूत्रधार जिमी गॉल्डला त्या एका शनिवारी तीन वेगवेगळ्या सामन्यांत माणसं विकत घ्यावी लागली: इप्सविच-वेन्सडे, लिंकन-ब्रेंटफर्ड, यॉर्क-ओल्डहॅम. तीन सामने म्हणजे अनेक माणसं, अनेक तोंडं, अनेक भीती. एवढा पसारा गुप्त ठेवणं कठीण असतं. मोह तेव्हाही होता, पण पैजेची रचनाच अशी होती की लबाडीला गर्दी लागे. नंतरच्या दशकांत ही अट सैल झाली, एका सामन्यावर पैज आली, मग गोल कोण करेल, मग पहिला थ्रो-इन, मग अमुक खेळाडूला कार्ड. प्रत्येक पायरीवर लबाडीला लागणारी माणसं कमी होत गेली, आणि शेवटी एकच माणूस उरला. शिक्षा १९१५ मध्येही होती आणि २०१८ मध्येही होती. बदलला तो विकायचा माल. मग सुधारायचं काय, हे वेगळं सांगायला हवं का?

त्यातून कार्ड काही फक्त खेळाडूच्या हातात नसतं. जर्मनीचा रेफरी रॉबर्ट होयझर याने ऑगस्ट २००४ मध्ये पाडरबोर्न-हॅम्बुर्ग सामन्यात दोन पेनल्टी दिल्या, हॅम्बुर्गच्या एम्पेन्झाला लाल कार्ड दाखवलं, आणि तो सामना फिरवल्याबद्दल पुढे तुरुंगात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तुर्कस्तानच्या महासंघाने जाहीर केलं की तिथल्या ५७१ रेफरींपैकी ३७१ जणांची बेटिंग खाती होती आणि १५२ जण पैजा लावत होते. त्यातल्या कुणी कार्डं विकली असं मी म्हणत नाही, तसं सिद्ध झालेलं नाही. पण ज्याच्या खिशात कार्ड आहे, त्याच्या फोनमध्ये त्याच कार्डाचा भाव दिसणार असेल, तर त्या रेफरीने प्रामाणिकपणे दाखवलेल्या कार्डावर तरी प्रेक्षकाने विश्वास कसा ठेवायचा?

तिसरं म्हणणं स्वातंत्र्याचं. शनिवारी दोन पौंडांची पैज लावून मॅच बघणाऱ्या माणसाची गंमत तुम्ही का हिरावून घेता? त्याने कुणाचं काय बिघडवलं? काही बिघडवलेलं नाही, आणि त्याला गुन्हेगार ठरवायची माझी इच्छाही नाही. पण त्याच्याकडे निकाल आहे, गोल आहेत. कार्डाचा कप्पा काढला म्हणून त्याचा शनिवार सुना पडत नाही. उलट वस्तू दुकानात ठेवली की ती घडवणारा माणूस कसा बदलतो, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये दिसलं. सटन युनायटेड विरुद्ध आर्सेनल या एफए कप सामन्यात सटनचा ४५ वर्षांचा राखीव गोलकीपर वेन शॉ बाकावर पाई खाईल का, यावर एका बेटिंग कंपनीने ८-१ असा भाव काढला. त्याने कॅमेऱ्यासमोर ती खाल्ली. जग हसलं. पण त्या माणसाला क्लब सोडावा लागला, ३७५ पौंड दंड आणि दोन महिन्यांची बंदी झाली, आणि ब्रिटनच्या जुगार आयोगाने त्या कंपनीला ८४,००० पौंड भरायला लावले. माल आधी मांडला गेला, कृती नंतर घडली.

राहिला प्रश्न रेघ कुठे ओढायची याचा. आज कार्ड, उद्या कॉर्नर, परवा पेनल्टी, मग उरलं काय? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही, पण त्याचं उत्तर तयार आहे. स्वीडनच्या नियामकाने १ जानेवारी २०२१ पासून नियमभंगावर पैज घेणं बंद केलं. फुटबॉलमधलं पिवळं कार्ड हे तिथलं ठळक उदाहरण. ही रेघ मला फार योग्य वाटते, कारण ती खेळाच्या स्वभावातून आलेली आहे. गोल हा खेळाचा हेतू आहे, कार्ड हा गुन्ह्यावरचा शिक्का. गुन्हा व्हावा यात ज्याचा पैसा अडकलाय, अशा माणसाला खेळाचा प्रेक्षक म्हणायचं का? नेदरलँड्स आणि जर्मनीही कार्डावर पैज घेऊ देत नाहीत. तिकडे फुटबॉल थांबलेला नाही आणि बेटिंग कंपन्याही बुडालेल्या नाहीत. अमेरिकेत नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघातल्या दोन पिचरवर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांवर, ठरावीक चेंडू वाईट टाकल्याचं आरोपपत्र दाखल झालं, दोघांनीही आरोप नाकारले. पण त्याच आठवड्यात बेसबॉलच्या संघटनेने आणि बेटिंग कंपन्यांनी मिळून एका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातली. निकाल लागायची वाट त्यांनी बघितली नाही, कारण दोघे दोषी निघोत किंवा निर्दोष, मालातला दोष तोच राहतो.

इंग्लंडला हे करायला नवा कायदासुद्धा लागत नाही. प्रीमियर लीगच्या प्रत्येक सामन्यातली अधिकृत आकडेवारी, कार्डांसह, फुटबॉल डेटाको या लीगच्याच संस्थेमार्फत जीनियस स्पोर्ट्सला आणि तिथून बेटिंग कंपन्यांना जाते. लीगच तो माल पुरवते, म्हणजे लीगला करारात एक अट घालता येते, की ही नोंद वर्तमानपत्रांना द्या, प्रक्षेपणाला द्या, भाव काढायला देऊ नका. शर्टच्या पुढच्या बाजूवरून बेटिंग कंपन्यांची नावं २०२५-२६ च्या मोसमानंतर काढायचं क्लबांनी एप्रिल २०२३ मध्ये आपणहून ठरवलंच ना? नाव शर्टच्या पुढच्या बाजूवर असो किंवा बाहीवर, त्याने नॅशनल लीगमधल्या बचावपटूला शुक्रवारी रात्री मित्राचा येणारा फोन थांबत नाही. त्या मुलाचा पगार थोडा आहे, मित्र लहानपणापासूनचे आहेत, आणि ते त्याच्याकडे सामना मागत नाहीत, एक उशिरा केलेला टॅकल मागतात. हरावंही लागणार नाही, असं ते त्याला सांगतील, आणि ते खोटं नसेल. त्या मित्रांना फोन करायला कारणच उरू नये, एवढी सुरुवात लीगने खालच्या श्रेणींपासून करावी, येत्या मोसमाच्या पहिल्या शनिवारी.